पंपाला ओल दिसत नाही

फायबरच्या होडीचं एक वाईट असतं, ती आतून खराब होते आणि वरून चकचकीत राहते. लाकडाची होडी कुजायला लागली की फळीचा रंग फिरतो, अंगठा दाबला तर आत जातो, आणि घरातल्या जुन्या माणसांना लांबूनच वास लागतो. फायबर मात्र डेकखाली काय चाललंय याचा पत्ता लागू देत नाही. पत्ता लागतो तो पाहुण्याला. तो चढतो, लाईफ जॅकेट डोक्यातून घालतो आणि नाक मुरडतो. आमच्या धंद्यात, म्हणजे पाहुण्यांना होडीतून फिरवण्यात, नाक मुरडलं म्हणजे संध्याकाळपर्यंत मोबाईलवर दोन तारे आणि वर "होडीला वास येत होता" असा शेरा.

तर आज त्या कुबट वासाबद्दल लिहिते.

आमचं घर मालवणजवळ देवबागला. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी, मध्ये माडांची चिंचोळी पट्टी आणि त्या पट्टीवर आम्ही. जेवणखाण आणि खोल्या सासूबाई नि मी बघतो, होडी माझे दीर चालवतात, आणि होडीचा आतला कारभार, म्हणजे जॅकेटं, दोर, बॅटरी, साफसफाई आणि पावती पुस्तक, हा लग्नानंतर हळूहळू माझ्याकडे सरकला. कोणी दिला नाही, मीही मागितला नाही. होडी वीसएक फुटांची, मागे आउटबोर्ड इंजिन, वर कापडी छप्पर, आणि पुढे नाळेत, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकात, एक झाकणवाला कप्पा. त्या कप्प्यात जॅकेटं, नांगराचा दोर, एक जुनं ताडपत्रीचं भेंडोळं. सगळ्या कुबटपणाचं माहेर तो कप्पा आणि त्याच्या मागचा तळ.

सासरे जन्मभर रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या मासेमारीत होते. त्यांची होडी लाकडाची. तिच्यात पाणी असायचंच, ते त्यांना कधी खटकलं नाही. लाकडी होडी पूर्ण सुकली तर फळ्या आकसतात आणि पाण्यात लोटल्यावर पहिले काही दिवस सगळीकडून झिरपते. फळ्या फुगल्या की आपोआप बंद होते. त्यामुळे तळाला थोडी ओल लागायचीच, आणि ती खाऱ्या पाण्याची असली तर उलट बरं. लाकूड कुजवणारी बुरशी गोड्या पाण्यात फोफावते, खाऱ्यात तिचं फारसं चालत नाही. म्हणून पूर्वी परदेशातल्या काही लाकडी जहाजांमध्ये वाकांच्या, म्हणजे आतल्या आडव्या बरगड्यांच्या, मधल्या पोकळीत मुद्दाम मीठ भरून ठेवायचे. आमच्याकडे मीठ नाही भरत, पण बाहेरून मुशी माशाचं तेल चोपडायचे. त्या तेलाचा वास आठवला की सासूबाई अजून पदर नाकाला लावतात.

फायबरला यातलं काही लागू नाही. त्याला फुगायचं नाही, आकसायचं नाही, पाण्याची त्याला काडीची गरज नाही. आणि मीठ इथे उलटं वागतं. पावसाळ्यात बरणीतलं मीठ पाणी सोडतं ना, तेच तळाला होतं. हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतः विरघळायला लागतं. खारं पाणी उपसलं, तळ वाऱ्यावर सुकवला, पांढरा थर दिसला, म्हणून आपण समाधानाने झाकण लावतो. आणि पहिलं ढग आलं की तो थर पुन्हा ओलाकच्च. म्हणून फायबरच्या होडीत खारं पाणी उपसल्यावर दोन बादल्या गोडं पाणी तळात फिरवायचं, तेही उपसायचं आणि मगच सुकवायचं. भावोजींना हे पटायला वेळ लागला. सुकवायचं असेल तर आधी अजून भिजवायचं, हे ऐकायला विचित्रच वाटतं.

पण सुकवण्याच्या आधी, पाणी येतं कुठून? तळातलं पाणी उपसायचा नवीन पंप आणला त्या दिवशी सासरे पायरीवर बसले होते. भावोजींना म्हणाले, "पाणी खयसून येता ता आधी बघ रे, मगे पंप लाव." भावोजींनी अर्थात पंप आधी लावला. मग आम्ही पाणी शोधलं.

आमच्यासारख्या होडीत पाणी येण्याच्या जागा ठरलेल्या. पाहुण्यांचे ओले पाय आणि लाटेचे शिंतोडे, हे रोजचंच. तळातलं पाणी सोडून द्यायच्या भोकाचं मागचं बूच, त्याचा रबरी वॉशर चपटा झाला की थेंब थेंब चालू. मग सगळ्या स्क्रूंची भोकं: रेलिंग, सीट, छपराचे खांब, नंतर हौसेने बसवलेला मोबाईल स्टँड. प्रत्येक स्क्रू म्हणजे एक भोक, आणि सीलंट न लावता बसवलेला स्क्रू म्हणजे कायमचा नळ. पण या सगळ्यांपेक्षा मोठा पाहुणा पाऊस. एक मिलिमीटर पाऊस एका चौरस मीटरवर पडला की एक लिटर पाणी. आमची होडी वरून उघडी धरली तर नऊएक चौरस मीटर भरते. कोकणात जुलैमध्ये दिवसाला 100 मिलिमीटर पाऊस काही बातमी होत नाही. म्हणजे एका दिवसात 900 लिटर, जवळजवळ एक टन पाणी, तेही होडीला कुठेही भोक नसताना. खाडीत नांगरून ठेवलेल्या होड्या पावसाळ्यात सकाळी फक्त नाळ वर काढून बसलेल्या दिसतात त्या गळून नाही बुडालेल्या, भरून बुडालेल्या असतात.

पाणी समुद्राचं की पावसाचं हे ओळखायला लोक बोट बुडवून चाखतात. तळाच्या पाण्यात टू-स्ट्रोकचं ऑइल असतं, पेट्रोल असतं, कोणाच्या पोराची उलटी असते. चाखू नका. एका वाटीत ते पाणी घ्या आणि साधा अंगाचा साबण चोळा. फेस आला तर गोडं, साबण फाटल्यासारखा होऊन नुसतं चिकट राहिलं तर खारं. ऑक्टोबर ते मे ही युक्ती चोख चालते. पावसाळ्यात कर्लीचंच पाणी गढूळ नि गोडं होतं, तेव्हा साबण काही सांगत नाही.

तेव्हा दुसरा उपाय. होडी वर ओढलेली असताना तळ कोरडा पुसायचा, बूच घट्ट लावायचं, आणि आत बादल्यांनी पाणी भरायचं, पण बेताने, तळ वीतभर बुडेल एवढंच. पाण्याबाहेर असलेल्या होडीवर आतून जास्त वजन टाकणं बरं नाही. मग खाली वाकून बाहेरून बघायचं. जे पाणी बाहेरून आत येतं ते आतून बाहेरही जातंच. आमच्याकडे बुचाच्या वरच्या बाजूला एक केसाएवढी चीर त्यातून सापडली. भर उन्हात बाहेरच्या फायबरवर ओल्या रेघेचा एक दोरा उतरत होता, आणि आत बघितलं तर काहीच नाही. पंपाने ती चीर शंभर वर्षांत दाखवली नसती.

बुचावरून आठवलं. बूच कप्प्यात ठेवू नये, खिशात ठेवू नये, "इथेच आहे" म्हणून फळीवर ठेवू नये. इंजिनच्या चावीलाच बांधावं. चावी हातात घेतली की बूच हातात येतं. बूच न लावता होडी पाण्यात लोटणं हा आमच्या किनाऱ्यावरचा दरवर्षीचा कार्यक्रम आहे आणि प्रत्येक वेळी बघ्यांची गर्दी तेवढीच असते.

आता पंप. सगळ्यांना वाटतं की पंप बसवला म्हणजे तळ कोरडा. पंपाच्या खोक्यावर तासाला 500 गॅलन लिहिलेलं असतं, म्हणजे जवळपास 1,900 लिटर. हा आकडा नळी न लावता, पाणी वर न चढवता, बॅटरी टुमटुमीत असतानाचा. प्रत्यक्षात पाणी मीटरभर वर चढवायचं, नळी आतून वळ्यावळ्यांची, वायरच्या टोकाला हिरवा गंज. निम्मं मिळालं तरी नशीब. पंपाचं तोंड तळापासून थोडं वर असतं, त्यामुळे शेवटचं दोन बोटं पाणी तो ओढतच नाही. शिवाय पंप थांबला की नळीत चढलेलं पाणी परत खाली येतं. पाऊण इंची नळी दीड मीटर असेल तर त्यात जवळजवळ अर्धा लिटर मावतं. म्हणजे प्रत्येक वेळी पंप स्वतःच अर्धा लिटर तळात परत ओततो. पाणी वाढलं की पंप आपोआप चालू करणारा तरंगता स्विच खूप खाली बसवलेला असेल तर ते परतलेलं पाणी बघून पंप पुन्हा चालू, पुन्हा बंद, पुन्हा चालू, रात्रभर. सकाळी बॅटरी झोपलेली. आणि नळीचं बाहेरचं तोंड पाण्याच्या पातळीच्या चांगलं वर हवं. खाली राहिलं आणि पंप थांबला तर सायफन होऊन त्याच नळीतून खाडी आत येते.

पंप वाईट नाही. रात्रीच्या पावसात होडी तरंगत ठेवायचं काम त्याचं, ते तो करतो. एक इंचाचं भोक पाण्याखाली दोन फुटांवर पडलं तर मिनिटाला साधारण साठ लिटर पाणी आत येतं. आमचा पंप खोक्यावरच्या आकड्याने धावला तरी मिनिटाला तीसच लिटर टाकतो. तेव्हा भोक पडल्यावर पंप होडी वाचवत नाही, किनारा गाठायला थोडा वेळ देतो. आणि कोरडं करणं हे तर त्याचं कामच नव्हे. सासऱ्यांनी पंपाचा आवाज काही दिवस ऐकला आणि मला म्हणाले, "पंपाक काय कळता गो? तेका पाणी दिसता, ओल दिसणा नाय."

ओल काढायला स्पंज लागतो, आणि स्पंजानंतर वारा लागतो. गाडी धुवायचा मोठा स्पंज घ्या, जुन्या टॉवेलचा बोळाही चालेल, पण सुती चिंधी तळात विसरू नका. बुरशीला तेच पक्वान्न. हाताने पुसताना आणखी एक फायदा होतो, बोटांना कळतं. वाकांना तळाशी लहान भोकं ठेवलेली असतात, पाणी एका खणातून दुसऱ्यात वाहत मागे बुचाकडे यावं म्हणून. त्यात वाळू, माशाचे खवले, वेफरच्या पाकिटाचे कपटे, माडाच्या झावळीचा चोथा अडकतो आणि पुढच्या खणात तळं साचतं. पंप मागे असतो, त्याला ते तळं ठाऊकच नसतं. आम्ही या सगळ्या भोकांतून नाळेपासून मागपर्यंत एक पातळ नायलॉनचा दोर ओवून ठेवलाय, दोन्ही टोकांना गाठ. आठवड्यातून एकदा मी पुढून ओढते, भावोजी मागून ओढतात, सगळी भोकं मोकळी. मोठ्या जहाजांवर यासाठी साखळी घालत असत. आम्हाला साखळी परवडली असती, पण ती फायबरवर घासते.

तळाच्या पाण्यावर तेलाचा तवंग दिसला तर मात्र पंप बंदच ठेवायचा. ते पाणी खाडीत सोडलं की त्याच खाडीत आपल्याच घरच्या बाया ओहोटीला तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, काढायला बसणार आहेत. काथ्याचा एक झुपका जाळीच्या पिशवीत घालून तळात टाकायचा, तो बराच तवंग धरतो, मग तो झुपका वेगळा काढून उरलेलं पाणी डब्याने कॅनमध्ये भरायचं. हे कंटाळवाणं काम आहे आणि मी सांगितल्याशिवाय होत नाही, एवढंच म्हणते.

फायबरवर बुरशी वाढते म्हणतात ते तितकंसं खरं नाही. फायबर तिला खाता येत नाही. ती वाढते फायबरवरच्या मळावर. आमच्या होडीत तो मळ कसला? सनस्क्रीन. मुंबई-पुण्याचे पाहुणे दंडापासून मानेपर्यंत थापून येतात, त्यावर घाम, आणि त्यावर तासभर लाईफ जॅकेट. जॅकेटच्या गळपट्टीच्या आतल्या बाजूला हात फिरवला की मेणचट थर लागतो. काळे ठिपके पहिल्यांदा तिथेच उठतात, बाहेर नारिंगी कापडावर नाही. तेव्हापासून मी जॅकेटं बाहेरून धुण्यात वेळ घालवत नाही. गळपट्टी उलटी करून कोमट पाणी, भांड्यांचा साबण, मऊ ब्रश. मग भरपूर गोडं पाणी. मग सावलीत, दोन माडांमध्ये बांधलेल्या दोरीवर, बकल उघडी ठेवून, आणि मध्ये हवा खेळेल इतकं अंतर सोडून. कडक उन्हात तासन्‌तास टाकू नये. ऊन बुरशी मारतं खरं, पण कापडाचा आणि शिवणीचा दमही तेच काढतं. पूर्वीच्या जॅकेटांत पांढऱ्या सावरीचा कापूस भरत. आता फोम असतो, तो कुजत नाही, पण कापड आणि फोम यांच्या मधली फट सुकायला दोन दिवस घेते. वरून कोरडं लागलं म्हणून रचून ठेवलं की संपलं.

फोमचंच दुसरं दुखणं डेकखाली असतं. होडी पाण्याने भरली तरी बुडू नये म्हणून काही होड्यांच्या दुहेरी तळात फोम भरलेला असतो. कल्पना उत्तम. पण डेकच्या स्क्रूंतून झिरपलेलं पाणी वर्षानुवर्षं त्या फोमच्या कडेने मुरत राहतं, आणि एकदा मुरलेलं पाणी आतल्या आत सुकत नाही. होडी जड होते. इंजिन तेच, माणसं तेवढीच, पण पेट्रोल जास्त लागतं, आणि बाहेर रंगवलेली पाण्याची रेघ पाण्याखाली जाते. आमच्या डेकमध्ये भावोजींनी गोल झाकणं बसवली, आट्यांची, हाताने उघडतात अशी. भिजलेला फोम सुरीने कापून काढावा लागला. पिळला तर पाणी गळत होतं, आणि वास असा की कोंबड्याही लांब गेल्या. सडक्या अंड्याचा वास तो, साचलेल्या खाऱ्या पाण्यात हवा संपली की जिवाणू तो वायू करतात. अडचण एवढीच की हे काम कोरड्या दिवसांत करायला हवं आणि कोरडे दिवस म्हणजे आमचा सीझन. दिवाळी, नाताळ, सगळे शनिवार-रविवार गेले. मग जानेवारी-फेब्रुवारीतले मधले वार पकडून, झाकणं उघडी टाकून, थोडं थोडं करत उरकलं.

मागचा भाग, जिथे इंजिन लटकतं, तो बहुतेक फायबर होड्यांत आतून प्लायवूडचा असतो. एक रुपयाचं नाणं घेऊन ठोकत जा. टणटण वाजलं तर ठीक. मध्येच कुठे थबथब असा मेलेला आवाज आला तर आत प्लाय भिजलाय. सत्तर-ऐंशी किलोचं इंजिन त्या प्लायवर टांगलेलं आहे हे लक्षात ठेवून पुढचा निर्णय घ्या, आणि तो कारागिराला दाखवून घ्या, यूट्यूब बघून नको.

मेअखेरीस जलपर्यटन बंद होतं, ऑगस्टअखेरपर्यंत. होडी वर ओढायची, ओंडक्यांवर टेकवायची. इथे सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नाळ वर आणि मागची बाजू खाली, आणि बूच काढलेलं. मग कितीही पाऊस आत पडला तरी वाहून जातो. लोक होडी सपाट ठेवतात, दिसायला छान दिसते. पेट्रोलची टाकी आणि बॅटरी पहिल्या दिवशीच बाहेर. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती तळात उतरून बसते आणि तिथून हलत नाही. कप्प्यात धूप-लोबान फिरवा, वास जाईल, असा सल्ला मला एकदा एका आजींनी प्रेमाने दिला. टाकी आत असती तर वासाबरोबर होडीही गेली असती.

आणि मग ताडपत्री. निळी प्लास्टिकची ताडपत्री घट्ट आवळून बांधलेली होडी बाहेरून किती नीट दिसते! आतमध्ये ओल्या वाळूतून उठलेली वाफ अडकते, पहाटे ताडपत्रीच्या आतून थेंब गळतात, आणि बाहेर उघडीप असली तरी आत पाऊस चालू. सासऱ्यांचं म्हणणं, "होडयेक घाम फुटतलो. तिका श्वास घेवंक दी." त्यांच्या काळी माडाच्या झावळ्यांचे झाप विणून त्यांनीच होडी शाकारायचे. झाप पाणी बाहेर टाकतो आणि वारा आत सोडतो. पण तो दरवर्षी नवा विणावा लागतो आणि आता विणणारे हात कमी. आम्ही मधला मार्ग काढलाय. बांबूच्या कमानी, त्यावर उंच आढ्यासारखा एक बांबू, त्यावरून ताडपत्री दोन्ही बाजूंना उतरती, कडेला फायबरपासून हातभर लांब, आणि पुढची-मागची टोकं सताड उघडी. पाऊस तिरका आला तर थोडा आत येतो. येऊ दे, बूच उघडं आहे. जूनमधल्या वाऱ्याने ताडपत्री फाटू नये म्हणून कडांना सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या. दोर ताणला की तुटतो, ट्यूब नुसती ताणली जाते.

एवढं करूनही नाळेतला कप्पा ओला राहतोच, कारण जुलैत वाराच ओला असतो. सकाळी 90 टक्के आर्द्रतेची हवा कितीही खेळवली तरी ती काय सुकवणार? बुरशीला साधारण 70-75 टक्क्यांच्या वर सगळं मानवतं. इथे मला युक्ती मिळाली ती गावच्या भजनी मंडळाच्या कपाटातून. पेटी नि पखवाज पावसात खराब होऊ नये म्हणून त्या कपाटात बारीक दिवा कायम जळत असतो. हवेतलं पाणी तेवढंच राहतं, पण हवा तापली की तिची पाणी धरायची ताकद वाढते. 27 अंशांची 90 टक्क्यांची हवा 32 अंशांवर नेली की तीच 68 टक्क्यांच्या आसपास येते. पाचच अंश! आम्ही कप्प्यात जाळीच्या पिंजऱ्यात चाळीस वॉटचा पिवळा बल्ब टांगला, कशालाही टेकणार नाही असा, कप्पा रिकामा ठेवून, झाकणाला बोटभर फट सोडून. एलईडी बल्ब यासाठी निरुपयोगी, तो तापतच नाही. वायर घरापासून ओढलेली, गळती झाली की वीज तोडणारा स्विच लावलेला, आणि रात्री झोपताना बंद. पावसात अर्धा वेळ लाईट नसतेच, तरी जेवढी असते तेवढीने फरक पडतो. पाणी शोषणाऱ्या डब्या बाजारात मिळतात, त्या कपड्यांच्या कपाटात ठीक. होडीत त्या कलंडल्या की ते खारट पाणी धातूच्या बिजागऱ्या खातं.

ठिपके उठलेच तर पांढरं व्हिनेगर, पाणी अर्धं-अर्धं, फडक्याने पुसून तासभर तसंच, मग गोड्या पाण्याने. फायबरच्या टणक भागावर ब्लीचिंग पावडरचं पातळ पाणी चालतं; विहिरीसाठी ती घरात असतेच. जॅकेटांवर आणि दोरांवर ती नको, शिवण विरते. आणि व्हिनेगर नि ब्लीचिंग पावडर एकाच दिवशी, एकाच बादलीत, एकाच बंद कप्प्यात कधीही नको. क्लोरीन वायू सुटतो, आणि कप्प्यात डोकं घालून घासणाऱ्या माणसाला पळायला जागा नसते.

नारळी पौर्णिमेच्या सुमारास मी सगळं परत बघायला घेते. वॉशर नवीन, पंप बादलीत बुडवून चालवून बघायचा, स्विच हाताने उचलून, दोर ओढून, नाणं ठोकून. सगळ्यात जास्त वेळ जॅकेटांना. प्रत्येकाचा फोम दाबून बघायचा, दाबल्यावर परत फुगायला हवा. चपटाच राहिला किंवा आत चुरचुरला तर ते जॅकेट बाद. शिवण दोन्ही हातांनी ओढायची, बकल लावून झटका द्यायचा. बाद झालेलं जॅकेट भावोजी म्हणतात बसायला घेऊ, मासे साफ करताना गुडघ्याखाली घेऊ. घ्या म्हणते, पण आधी त्याचे पट्टे मी कात्रीने कापून टाकते. नाहीतर मे महिन्यातल्या एखाद्या गर्दीच्या रविवारी एक जॅकेट कमी पडतं आणि कोणीतरी तेच उचलून पाहुण्याच्या पोराच्या गळ्यात घालतं.